मोफोंगो, मांगू, फुफू: हिरवं केळं शिजवावं कसं, कुटावं कधी

हिरव्या केळ्याचे काप तळून कढईतून काढल्या काढल्या लसणाबरोबर कुटले की मोफोंगो होतो. तेच काप ताटलीत दहा-पंधरा मिनिटं पडून राहिले, तर बत्ता कितीही आपटला तरी हाती कोरडा, दाणेदार भुगा येतो आणि तो घशाखाली उतरत नाही. पोर्तो रिकोचा मोफोंगो, डॉमिनिकन प्रजासत्ताकातला मांगू आणि क्युबातला फुफू यांची कृती चार ओळींत मावते. हे पदार्थ बिघडतात ते बहुतेक वेळा याच एका गोष्टीमुळे. हिरव्या केळ्यात साखर अगदी थोडी आणि स्टार्च भरपूर. उष्णतेने तो फुगून मऊ होतो आणि निवायला लागला की पुन्हा आवळून घट्ट बसतो. तो मऊ असतानाच त्यात तूप-तेल किंवा पाणी शिरलं पाहिजे. म्हणून रस्सा, कांदा, वाट्या आणि जेवणारी माणसं आधी तयार ठेवायची आणि केळं सर्वांत शेवटी शिजवायचं.

केळं कुठून आलं, कुटणं कुठून आलं

केळीच्या जंगली जाती मूळच्या आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या पट्ट्यातल्या. तिथून ती भारतात रुजली आणि फार पूर्वीच आफ्रिकेतही पोचली. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या दमट जंगलपट्ट्यात शिजवून खायच्या लांब, टणक केळ्याचे कितीतरी वाण लोकांनी जोपासले. अमेरिका खंडात मात्र स्पॅनिश येण्याआधी केळ्याची लागवड झाल्याचा भक्कम पुरावा नाही. तोमास दे बेरलांगा नावाच्या धर्मगुरूने 1516 साली कॅनरी बेटांवरून केळीचे कंद हिस्पॅनिओला बेटावर आणले, अशी नोंद त्या काळच्या स्पॅनिश इतिहासकाराने करून ठेवली आहे. (हाच बेरलांगा पुढे पनामाचा बिशप झाला आणि 1535 मध्ये त्याचं जहाज भरकटत गालापागोस बेटांना लागलं. त्या बेटांचा पहिला लेखी वृत्तान्त त्याचाच.) हिस्पॅनिओलाच्या पूर्व भागात आज डॉमिनिकन प्रजासत्ताक आहे, म्हणजे मांगूचं घर.

कंद युरोपियनांनी आणले, पण त्या केळ्याचं करायचं काय हे ज्यांना नीट ठाऊक होतं ते लोक गुलाम म्हणून आफ्रिकेतून जबरदस्तीने आणलेले होते. मळेवाल्यांना केळं परवडत होतं, कारण एकदा कंद लावला की वर्षभरात घड मिळतो आणि बुंध्याशी पुढची पिल्लं तयार असतात. ऊस तोडणाऱ्या माणसांचं पोट स्वस्तात भरायला याहून सोयीचं पीक नव्हतं. त्या माणसांनी मात्र मिळालेल्या या शिध्याला आपल्या गावची रीत लावली: शिजवायचं, लाकडी उखळात कुटायचं, गोळा करायचा आणि रश्शाबरोबर खायचं.

ही रीत आजही घानात पाहायला मिळते. तिथे फुफू कुटताना एक जण उभं राहून लांब मुसळ चालवतो आणि दुसरा खाली बसून दोन घावांच्या मधल्या क्षणात ओल्या हाताने गोळा उलटतो. तोच खरा जोखमीचा भाग. अकान लोकांचा एतो हा पदार्थ तर मोफोंगोच्या आणखी जवळचा. आतून रेषारेषांचं कोरीव काम असलेल्या मातीच्या पसरट भांड्यात, असांका त्याचं नाव, कांदा, मिरची आणि शेंगदाणे लाकडी रगड्याने वाटतात. मग त्यात उकडलेलं केळं किंवा कोनफळाच्या जातीचा याम कंद रगडून वरून लाल पाम तेल घालतात आणि उकडलेली अंडी ठेवतात. वाढदिवस, बारसं, लग्न अशा दिवशी एतो होतोच.

कॅरिबियन बेटांवर या रितीत बाकीचं जग मिसळलं. डुकरं कोलंबसाच्या 1493 च्या दुसऱ्या सफरीबरोबर आली. लसूण आणि ऑलिव्ह तेलही स्पॅनिशांचंच. लाकडी उखळ तर बेटांवरच्या मूळ ताइनो लोकांकडेही होतं. मोफोंगोच्या एका घासात हे सगळं असतं, पण त्याचा कणा आफ्रिकन आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पर्यटकांसाठीच्या लिखाणात तो 'स्पॅनिश वळणाचा पदार्थ' म्हणून उरकला जातो, ते मला पटत नाही. पोर्तो रिकोत गुलामगिरी संपली 1873 मध्ये, क्युबात 1886 मध्ये. सॅन हुआनच्या पूर्वेला लोइसा हे आफ्रिकी वारसा जपणारं गाव आहे. त्याच्या पिनोनेस भागात रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर आजही केळ्याचे आणि माशाचे तळणीचे पदार्थ विकले जातात.

कोणतं केळं घ्यायचं

या पदार्थांना लागतं ते प्लॅन्टेन, म्हणजे शिजवून खायचं लांब, जाड सालीचं, कडा असलेलं केळं. आपल्याकडे त्याचे सगेसोयरे आहेत: केरळचं नेंद्र आणि कोकणातलं राजेळी. वसईची सुकेळी ज्या राजेळी केळ्याची होतात, तेच कच्चं असताना मोफोंगोला उत्तम. मुंबईत माटुंग्याच्या केरळी दुकानांत नेंद्र केळी मिळतात, ओणमच्या आसपास तर भरपूर. अमेरिकेत राहणाऱ्यांना शोधावंही लागत नाही. न्यू यॉर्क, न्यू जर्सीत डॉमिनिकन आणि पोर्तो रिकन वस्ती मोठी आहे, त्यामुळे त्यांच्या दुकानांत हिरवी, पिवळी, काळी पडलेली अशी तिन्ही अवस्थांतली प्लॅन्टेन्स शेजारी शेजारी लावलेली असतात.

मोफोंगो आणि मांगूला पूर्ण हिरवं केळंच हवं. दाबून पाहिलं तर अजिबात दबता कामा नये, आणि सालीवर पिवळेपणाची झाक नको. पिवळं पडू लागलेलं केळं गोडसर होतं आणि तळताना लवकर लाल होतं. क्युबाच्या फुफूला ते चालतं, किंबहुना तिथे हिरवं आणि अर्धवट पिकलेलं मुद्दाम एकत्र करतात.

भाजीबाजारातली साधी कच्ची केळी वापरता येतील का? येतील, मांगूसाठी तर चांगलीच. पण त्यांच्यात पाणी जास्त आणि स्टार्च कमी असतो. तळायला आणि शिजायला वेळ कमी लागतो आणि कुटलेला गोळा मऊ, जरा चिकट होतो. तेव्हा खाली सांगितलेल्या पाण्या-रश्शाचं प्रमाण निम्म्यावर आणा.

सोलणं

पिकलेल्या केळ्यासारखं हे सोलता येत नाही. आधी हातांना आणि सुरीला तेल लावा, नाहीतर चिकाचे काळे डाग दोन दिवस जात नाहीत. दोन्ही टोकं कापा. केळ्याच्या कडांवरून सुरीचं टोक उभं फिरवून तीन चिरा द्या. चीर फक्त सालीपुरती, गरात जायला नको. मग मिठाच्या पाण्यात पाचेक मिनिटं ठेवा आणि अंगठ्याचं नख चिरेखाली सरकवून साल आडवी, बाजूला ओढत काढा. लांबीच्या दिशेने ओढली तर तुकडे पडतात. सालीचे हिरवे धागे गराला चिकटून राहिले तर सुरीने खरवडा, ते तुरट लागतात. सोललेलं केळं लगेच मिठाच्या पाण्यात टाका म्हणजे काळं पडणार नाही.

मोफोंगो

चार जणांसाठी चार मोठी हिरवी केळी, सालासकट साधारण एक किलो. लसणाच्या सहा-सात मोठ्या पाकळ्या, एक चमचा मीठ, तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, तळणीसाठी तेल, एक वाटी चिचारोन आणि दोन वाट्या गरम कोंबडीचा रस्सा.

चिचारोन म्हणजे कातडीसकट तळलेले डुकराच्या मांसाचे कुरकुरीत तुकडे. घरी करणं अवघड नाही, फक्त वेळ लागतो. पोटाकडचं, चरबी आणि कातडी दोन्ही असलेलं अर्धा किलो मांस बोटाच्या दोन पेरांएवढं कापा. जाड बुडाच्या कढईत मीठ आणि बुडेल इतकं पाणी घालून मंद आचेवर शिजवा. पाऊण तासात पाणी आटतं आणि चरबी सुटू लागते. मग त्याच चरबीत, आच न वाढवता, तुकडे सोनेरी आणि कातडी कडक होईपर्यंत परता. पाणी पूर्ण आटण्याच्या सुमारास फार उडतं, तेव्हा झाकण अर्धवट ठेवा आणि लांब उभे राहा. उरलेली चरबी गाळून ठेवा, केळी तिच्यात तळली तर जुन्या पद्धतीचा स्वाद येतो.

डुकराचं मांस खात नसाल तर ते सरळ वगळा. नुसत्या लसूण-तेलाचा मोफोंगो पोर्तो रिकोतही करतात आणि तो कमअस्सल नाही. शेंगदाणे किंवा तळलेला पापड चुरून घालण्याचा मोह होईल, पण त्यांची चव लसणावर कुरघोडी करते. मी घालत नाही.

आता कुटायचं भांडं. तिकडे पिलोन वापरतात, लाकडाचा खोल खल आणि त्याचा बत्ता. आपला दगडी खलबत्ता चालतो, पण दगड गार असतो आणि केळ्याची ऊब शोषून घेतो. म्हणून केळी तळायला घेण्याआधी खलात उकळतं पाणी ओतून ठेवा आणि वापरायच्या वेळी ओतून पुसून घ्या. लोखंडी खल नको, केळं त्यात काळपट पडतं. मिक्सर तर अजिबात नको. पात्याने स्टार्च फाटून गोंदासारखा चिकट होतो आणि मग त्याला कशानेही वाचवता येत नाही.

खलात आधी लसूण आणि मीठ कुटा. मिठाच्या खड्यांनी लसूण लवकर बारीक होतो. पेस्टसारखा झाला की ऑलिव्ह तेल घालून दोन-तीन फेऱ्या फिरवा आणि हे वाटण एका वाटीत काढून ठेवा.

केळ्यांचे बोटाच्या एका पेराएवढे जाड गोल काप करा. पातळ काप केले तर वेफर्स होतील. पंधरा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवून फडक्यावर पूर्ण कोरडे करा. तेल मध्यम गरम हवं. तापमान मोजता येत असेल तर 165 ते 170 अंश सेल्सिअस. नाहीतर एक काप टाकून बघा, भोवती सौम्य, सलग बुडबुडे यायला हवेत, फसफसून उडायला नको. दहा-बारा मिनिटं, मधे उलटत, तळा. कापाचा रंग फिकट सोनेरी आणि सुरी आत लोण्यासारखी जायला हवी. इथे बहुतेकांची गल्लत होते: भजीसारखा लालसर, खुसखुशीत रंग येईपर्यंत थांबतात. तसं झालं की वरचा पापुद्रा कडक होतो आणि कुटल्यावर त्याचे टोकदार तुकडे तोंडाला लागतात. पहिला घाणा काढताना एक काप हातात धरून दाबा. तो फुटता कामा नये, चेपला गेला पाहिजे.

सगळे काप एकदम तळू नका. एका माणसापुरते तळायचे, कुटायचे, वाढायचे आणि मग पुढचा घाणा. गरम काप खलात घ्या, लसणाच्या वाटणाचा पाव भाग आणि दोन मोठे चमचे चिचारोन घाला. बत्ता आधी खाली दाबत, मग कडेने खरवडत वर आणा. तीस-चाळीस घावांत गोळा जमायला लागतो. कोरडा वाटला तर चमचाभर गरम रस्सा घाला, लगेच दुसरा नको. रस्सा मुरायला क्षणभर लागतो आणि घाई केली तर गोळा सैल होतो. पूर्ण गुळगुळीत करायचा नाही. मधेमधे केळ्याचे लहान तुकडे दिसायला आणि लागायला हवेत. तोच मोफोंगो आणि मांगूतला फरक.

तेल लावलेल्या वाटीत गोळा हलकेच दाबून भरा आणि बशीत उपडा करा. रस्सा वेगळ्या वाटीत द्या किंवा भोवती ओता. रश्शात लसूण, कांदा, गोड चवीच्या लहान मिरच्या, कोथिंबीर आणि रेकाओ नावाची, लांब दातेरी पानांची आणि कोथिंबिरीसारख्याच पण उग्र वासाची भाजी असते. आपल्याकडे दुप्पट कोथिंबीर घालून भागवता येतं.

मोफोंगोच्या मधे खळगा करून त्यात कोळंबी भरतात, तो मोफोंगो रेयेनो. अर्धा किलो कोळंबी, कांदा, ढोबळी मिरची, लसूण आणि दोन टोमॅटो यांचा सैलसर रस्सा करा. कोळंबी शेवटी, तीन मिनिटांहून जास्त नाही. हिरवं केळं, पिकलेलं केळं आणि युका (ज्याचा साबुदाणा होतो तो कंद) असे तीन एकत्र कुटले की त्रिफोंगो, तोही हॉटेलांत लोकप्रिय आहे. सुरुवात मात्र साध्याने करा.

सप्टेंबर 2017 मध्ये मारिया चक्रीवादळ पोर्तो रिकोवरून गेलं तेव्हा केळीच्या बागा सपाट झाल्या आणि रोजच्या जेवणातलं केळं काही काळ बाहेरून मागवावं लागलं. बेटावरचे लोक आपल्या केळ्याबद्दल इतक्या जिव्हाळ्याने का बोलतात, हे त्यातून कळावं.

मांगू

डॉमिनिकन घरांत हा सकाळचा नाश्ता, आणि भरभक्कम नाश्ता. इथे केळं तळत नाहीत, उकडतात, आणि पोत मऊसूत हवा.

चार हिरवी केळी सोलून उभी चिरून मोठे तुकडे करा. बुडेल इतक्या पाण्यात चमचाभर मीठ घालून वीस-पंचवीस मिनिटं उकळा. बाजारातली साधी कच्ची केळी असतील तर बारा-पंधरा मिनिटं पुरतात. सुरी सहज आरपार गेली की आच बंद करा, पण पाणी ओतून टाकू नका.

तोवर कांदा करून ठेवलेला असावा. दोन लाल कांद्यांच्या पातळ चकत्या थोड्या तेलात दोन-तीन मिनिटं परता, चार चमचे व्हिनेगर आणि मीठ घाला आणि गुलाबी रंग खुलला की उतरवा. कांदा मऊ पडला तरी थोडी करकर राहायला हवी. हा आंबट कांदा नसेल तर मांगू सपक लागतो, तेव्हा तो सजावटीपुरता घेऊ नका.

गरम केळी पातेल्यातून काढा आणि पावभाजीच्या मॅशरने ताबडतोब दाबायला लागा. पन्नास ग्रॅम लोणी घाला. आता पाणी: अनेक डॉमिनिकन घरांत उकळतं नव्हे, साधं किंवा गार पाणी घालतात, कारण त्याने मांगू ताटात लवकर घट्ट होत नाही असा त्यांचा अनुभव आहे. माझ्याकडे दोन्ही प्रकार चालतात. मी निम्मं उकडण्याचं खारट पाणी आणि निम्मं गार घेते, एकूण साधारण एक वाटी, थोडं थोडं करत. चमचा उचलल्यावर मांगू सावकाश सरकून पडायला हवा. ताटात आल्यावर तो आणखी आळतो, म्हणून पातेल्यात जरा सैल वाटला तरी घाबरू नका.

वर कांदा आणि त्याचं आंबट तेल ओता. सोबत तळलेली सलामी, तळलेलं चीज आणि तळलेली अंडी असा पूर्ण बेत असेल तर त्याला लोस त्रेस गोल्पेस म्हणतात. तळल्यावर न वितळणारं ते चीज आपल्याकडे मिळत नाही. हलूमी सर्वांत जवळचं. पनीर तळून चालतं, आधी मिठाच्या पाण्यात तासभर ठेवलं तर.

क्युबाचा फुफू

मांगू आणि मोफोंगो यांच्या मधला मुक्काम. तीन हिरवी आणि एक अर्धवट पिकलेलं केळं मांगूसारखंच उकडा. हिरव्यांना जास्त वेळ लागतो, पिकत आलेलं दहा मिनिटं उशिरा टाका. कढल्यात तेल किंवा चरबी गरम करून त्यात भरपूर ठेचलेला लसूण तांबूस होऊ न देता परता आणि त्यावर लिंबू पिळा. हे तडतडणारं तेल कुटलेल्या गरम केळ्यावर ओतून चिचारोनसकट हलक्या हाताने मिसळा. लिंबामुळे फुफू मोफोंगोपेक्षा हलका लागतो. पहिल्यांदाच करून बघणाऱ्यांनी यापासून सुरुवात करावी असं मी सांगेन: तळणीची दगदग नाही आणि पोत थोडा चुकला तरी चव सांभाळून घेते.

आणखी काही घरं

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर सिएनागा आणि सांता मार्ता परिसरात कायेये करतात, उकडलेल्या हिरव्या केळ्याचा लोण्यातला लगदा आणि वर किसलेलं खारट चीज. इक्वेडोरच्या किनारपट्टीवर बोलोन दे वेर्दे म्हणजे चीज किंवा चिचारोन पोटात घेतलेला केळ्याचा मुठीएवढा गोळा, कॉफीबरोबर. पेरूच्या ॲमेझॉन भागातला ताकाचो निखाऱ्यावर भाजलेल्या केळ्याचा असतो आणि धुरी दिलेल्या मांसाबरोबर खातात. युगांडाचं मातोके वेगळ्या वाणाचं आहे. ही पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली केळी. सोलून केळीच्याच पानांत बांधायची, तास-दीड तास वाफवायची आणि पान न उघडता वरून हातांनी दाबत लगदा करायचा. कुटणं नाही, तेल नाही, लसूण नाही. तिकडे ते रोजचं मुख्य अन्न आहे, शेंगदाण्याच्या पातळ कालवणाबरोबर.

उरलं तर

उरलेला मांगू फ्रीजमध्ये विटेसारखा कडक होतो. तो गरम करताना पाण्याचा शिपका देऊन झाकण ठेवून वाफवा, किंवा सरळ चपट्या टिक्क्या करून तव्यावर तेलात खरपूस भाजा. दुसऱ्या दिवशी टिक्क्याच जास्त चांगल्या लागतात. मोफोंगो मात्र पुन्हा गरम करून पहिल्यासारखा होत नाही. त्याच्या लिंबाएवढ्या गोळ्या वळा, उकळत्या कोंबडीच्या किंवा भाज्यांच्या रश्शात सोडा आणि आच मंद करून पाच मिनिटं ठेवा. चमच्याने ढवळू नका, भांडंच हलवा, नाहीतर गोळ्या फुटून रस्सा दाट होतो.